हलत्या हृदयावरच्या रेघा

माझं अर्ध्याहून अधिक आयुष्य लोकांना श्वास रोखायला सांगण्यात गेलं. "श्वास घ्या... सोडा... आता रोखा." दिवसातून किती वेळा म्हटलं असेल, मोजलं नाही. काचेपलीकडचा माणूस मुकाट ऐकायचा. घरी मात्र माझ्या सांगण्यावरून कोणी साधा पंखा बंद करत नाही.

मी एमआरआय टेक्निशियन होते. राहायचं शहापुरात, आसनगावहून गाडी धरायची आणि कल्याणपुढच्या एका रुग्णालयाच्या तळघरात जाऊन बसायचं. शहापूरच्या बाजारात माझी ओळख 'फोटोवाल्या बाई' अशी. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून मानसाच्या पोटातले फोटू काढते, पन नातवाच्या बारशाचा येक फोटू धड काढला नाय तिनं." खरंच होतं ते. गप्प बसलेल्या माणसाचा फोटो मला कधी जमला नाही. माझा हात बसला तो हलणाऱ्या गोष्टीवर, म्हणजे हृदयावर.

गुडघा, पाठ, डोकं यांचं सोपं असतं. सांगितलं की ते निवांत पडून राहतात. हृदयाला गप्प राहा म्हणून सांगायची सोय नाही, आणि त्यानं ऐकलं तर मोठीच पंचाईत. म्हणून त्याचं चित्र एका दमात निघत नाही. छातीला लावलेल्या तारांवरून मशीनला ठोका कळतो. एका ठोक्यात ते थोडा भाग टिपतं, दुसऱ्या ठोक्यात पुढचा, आणि दहा-बारा ठोक्यांतले तुकडे जोडून एकाच ठोक्याची छोटीशी फिल्म तयार करतं, पंचवीसेक चित्रांची. तेवढा वेळ माणसानं श्वास रोखायचा. कारण श्वासाबरोबर हृदय वरखाली सरकतं, आणि शिवताना कापड सरकलं की शिवण बिघडते तशी ती फिल्म बिघडते.

आता फिल्ममध्ये हृदयाची भिंत हलताना दिसली म्हणजे ती काम करते असं समजू नका. चार जण ओंडका खांद्यावर घेतात आणि पाचवा नुसता हात लावून चालतो. लांबून बघणाऱ्याला पाचही जण कामाचे वाटतात. हृदयात तसंच असतं. झटका येऊन मेलेला स्नायू शेजारच्या धडधाकट स्नायूबरोबर ओढला जातो आणि हलल्यासारखा दिसतो. खरा जोर कोण लावतंय हे ओळखायला एक युक्ती आहे. ठोका सुरू होतो त्या क्षणी मशीन आपल्या चुंबकाच्या करामतीनं स्नायूवर काळ्या रेघा आखतं, उभ्या आणि आडव्या, गणिताच्या वहीसारख्या. आत पडलेल्या माणसाला त्यांचा पत्ताही लागत नाही आणि सेकंदाभरात त्या पुसून जातात. पण तेवढा वेळ त्या स्नायूला चिकटून असतात. स्नायू आकसला की रेघ वाकते. स्नायू मेलेला असेल तर ती सरळच्या सरळ नुसती सरकते.

या रेघा एकमेकींना जिथे छेदतात ते बिंदू पकडायचे, पहिल्या चित्रातला बिंदू दुसऱ्यात कुठे गेला, तिसऱ्यात कुठे, असा पंचविसाव्यापर्यंत पाठलाग करायचा, आणि कुठला भाग किती आकसला याचं माप काढायचं, हे माझं काम. सुरुवातीला सगळं हातानं. पुढे सॉफ्टवेअर आलं, ते चुटकीसरशी बिंदू लावून मोकळं होतं. पण त्याचा बिंदू मध्येच घसरतो, शेजारच्या रेघेवर जाऊन बसतो, आणि बसला की आपलंच खरं म्हणतो. असं झालं की मला हाक यायची. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? मुरबाडकडच्या एका शेतकरी बाईंनी एकदा हट्टच धरला, माझं काळीज मला दाखवा म्हणून. डॉक्टरांना विचारून दाखवलं. वाकणाऱ्या रेघांकडे बघून बाई क्षणात म्हणाल्या, "ह्ये तर पिळतंय गो! लुगडं पिळल्यावानी. वरचा हात इकडं, खालचा तिकडं." हृदय मुठीसारखं नुसतं आवळत नाही, पिळलं जातं, हे समजायला मला शिकताना चांगले तीन महिने लागले होते. त्यानंतर प्रत्येक नव्या डॉक्टरला मी लुगड्याचंच उदाहरण दिलं.

तर असा गर्व बाळगून असताना धसईचे बाळाशेठ सोनार माझ्यापुढे आले.

वय चौसष्ट, अंगानं बारीक, बोटं मात्र बघत राहावीत अशी. सोबत मंगल, त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेल्यापासून बापलेक दोघंच घरात. एमआरआयच्या आधी आम्ही अंगावरच्या, अंगातल्या लोखंडाची कसून चौकशी करतो, कारण चुंबक ते ओढतं. धातूचं काम करणाऱ्याला तर हमखास विचारायचं, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. मी विचारलं आणि शेठ उखडले.

"आमी सोनार हाव, बाई. लव्हार नाय."

"अहो शेठ, कानस तर लोखंडाची असते ना?"

"कानस लोखंडाची आसंल, पन हात सोनाराचा हाय. कन उडू देत नाय मी."

मंगल मागून म्हणाली, "बाबा, त्या इचारतात तेवढं सांगा ना." शेवटी डोळ्यांचा एक्स-रे काढला. कण नव्हता. शेठनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

त्यांना झटका येऊन गेला होता आणि हृदयाची पुढची भिंत पडल्यासारखी दिसत होती. प्रश्न एकच होता. ती भिंत मेली आहे, की रक्त कमी पडतंय म्हणून नुसती निपचित पडली आहे? निपचित असेल तर बायपास करून रक्त पोचवलं की उठेल. मेली असेल तर छाती उघडण्यात जिवाचा धोका आहे आणि फायदा काही नाही. मेलेला स्नायू एरवी शिरेतून एक औषध देऊन चित्रात उजळून दाखवता येतो, पण शेठची मूत्रपिंडं कमजोर, त्यांना ते चालणारं नव्हतं. म्हणून सगळी भिस्त रेघांवर. आधी विश्रांतीत रेघा बघायच्या, मग हृदयाला किंचित चेतवणारं औषध द्यायचं आणि पुन्हा बघायच्या. जिवंत भिंत असेल तर डिवचल्यावर थोडी तरी आकसते आणि तिच्यावरची रेघ वाकते.

तपासणी झाली. शेठ फार गुणी रुग्ण. "रोखा" म्हटलं की रोखायचे, "घ्या" म्हटलं की घ्यायचे. रेघा थोड्या पुसट होत्या. श्वास कळावा म्हणून पोटावर बांधलेल्या पट्ट्याचा आलेख जवळजवळ सपाट होता, नुसती बारीक थरथर. म्हातारं माणूस आहे, गारठ्यानं थरथरत असेल, असं मी ठरवून टाकलं. सॉफ्टवेअरनं माप काढलं, मी हातानं पुन्हा काढलं. औषधाआधी रेघ सरळ, औषधानंतर सरळ. मी कागदावर लिहिलं, 'चित्रं किंचित पुसट, परंतु ग्राह्य.' आमच्या डॉक्टरांनी त्यावर रिपोर्ट दिला. पुढची भिंत जिवंत असल्याचं आढळत नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी तो वाचून शस्त्रक्रियेचा विचार सोडला आणि गोळ्या लिहून दिल्या. बापलेक धसईला परत गेले.

दहाएक दिवसांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. ती कितपत शहाणी झाली आहे हे बघायला मी मुद्दाम पुसट चित्रांची तपासणी उघडली, म्हणजे शेठची. तिचा शहाणपणा असा की हृदय सोडून एक बिंदू तिनं थेट खाली यकृताच्या कडेवर नेऊन ठेवला. मी हसले आणि तो खोडायला गेले. तर तो बिंदू एका जागी ठरेना. कधी एका कडेवर, कधी तिच्याखालच्या दुसऱ्या कडेवर. यकृताला दोन कडा?

यकृत हा आळशी गडी. माणसानं श्वास रोखला असेल तर चित्रात त्याची कड सुरीनं कापल्यासारखी एकच दिसते. दोन दिसल्या याचा अर्थ तुकडे टिपताना ते वरखाली होत होतं. म्हणजे शेठ श्वास घेत होते. म्हणजे हृदयही सरकत होतं, रेघांवर रेघा चढत होत्या, आणि त्या गोंधळात एखादी रेघ वाकली असेल तरी ती पुसून सरळ झाली होती. इतकी वर्षं मी हृदयाकडे बघत आले, पण त्याच चित्रात खाली बसलेल्या यकृताकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

पण कोडं सुटेना. श्वास फुटणारे रुग्ण मी हजारदा पाहिले आहेत. त्यांचं पोट उसळतं, पट्ट्याचा आलेख डोंगर काढतो. इथे नुसती थरथर. आणि तीही सगळ्या फिल्ममध्ये, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी. इतका शांत, इतका बारीक श्वास घेतं कोण?

मला राहवेना. खरं सांगायचं तर त्या रविवारी मी कनवाळूपणानं धसईला गेले नाही, चौकसपणानं गेले. रुग्णाच्या घरी जाणं नियमात बसत नव्हतं. धसईला माझी नणंद आहे, तिला भेटायला जाते असं घरी सांगितलं, मुरबाडला बस बदलली आणि बाजारात पहिल्याच दुकानात सोनारांचं घर विचारलं.

दार उघडं होतं. ओटीवर तीन-चार बायका बसल्या होत्या. शेठ एकेकीला नाव घेऊन बोलवत होते आणि लहान लहान पुड्या हातात देत होते. मंगल चुलीपाशी उभी होती, डोळे लाल. मला बघून ती दचकली.

"ताई, तुमी? आनि इथं?"

"काय चाललंय गं हे?"

"लोकांचं सोनं परत देतायत. मोडलेलं, जोडायला दिलेलं, सगळं. म्हनतात, मी गेल्यावर परक्याचं सोनं घरात राह्याला नको. तुमच्या रिपोटानंतर हेच चाललंय."

तुमच्या रिपोटानंतर. मी ओटीच्या कडेला टेकले.

शेठनी मला ओळखलं. "या बाई. पानी दे गो मंगल." आणि काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाले, "जरा बसा. ही येवढी येक नथ ऱ्हायलीय, लगनाची हाय. ती मोडकी कशी देऊ? ती जोडतो, मग बोलू."

डॉक्टरांनी कामाला मनाई केली होती, पण त्यांना अडवणार कोण? त्यांनी तेलाचा दिवा पुढे ओढला, नथ चिमट्यात धरली आणि बाकदार पितळी फुंकणी ओठात घेतली. दिव्याची ज्योत आडवी झाली, सुईसारखी बारीक, आणि नथीच्या तारेवर जाऊन टेकली. मी बघत राहिले. ज्योत हलत नव्हती, तुटत नव्हती. मनात आकडे मोजायची मला सवयच आहे. वीस झाले, चाळीस झाले, साठ झाले. ज्योत तशीच. शेठचे दोन्ही गाल टम्म फुगलेले.

"मंगल, हे श्वास कधी घेतात गं?"

"घेतच नाय ना, ताई. गाल भरून ठेवतात. पाव पाव घंटा फुंकतात. गॅस आनलाय कधीचा, पन नाजूक कामाला नाय वापरत."

पाव तास श्वास न घेता माणूस जगत नाही, एवढं मलाही कळतं. शेजारी दागिने गुंडाळायचा पातळ गुलाबी कागद पडला होता. त्याची बोटभर पट्टी फाडली आणि हळूच शेठच्या नाकाखाली धरली. पट्टी आत गेली, बाहेर आली. आत गेली, बाहेर आली. गालातली हवा ज्योतीला, नाकातली छातीला, आणि गाल उतरले की छातीतली थोडी पुन्हा गालात. दोन्ही कारभार वेगवेगळे, एकमेकांना धक्का न लावता.

नथ जोडून झाल्यावर मी म्हटलं, "शेठ, मशीनमध्ये मी श्वास रोखा म्हणाले, तेव्हा काय केलंत?"

"रोखला की."

"आत्ता रोखून दाखवा."

त्यांनी गाल भरले, ओठ मिटले आणि पुतळ्यासारखे बसले. मी पट्टी नाकाखाली धरली. ती हलायला लागली. शेठनी डोळे खाली करून पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पट्टीकडे.

"आयला," ते म्हणाले, "ह्ये नाक कवापास्नं चालतंय?"

"बारा वर्सांचे असताना फुंकनी धरलीत, तवापास्नं असंल, बाबा," मंगल म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली असावी, कारण ओटीवरच्या बायकाही तिच्याकडे बघायला लागल्या.

मी हसले नाही. मी सांगून टाकलं, की तो रिपोर्ट माझ्या मापावर दिला होता आणि ते माप भरवशाचं नव्हतं. चूक तुमच्या नाकाची नाही, माझी आहे. पट्ट्याची थरथर मला दिसली होती आणि मी ती सोडून दिली. पुन्हा तपासलं तर भिंत जिवंत निघेल असं मी म्हणत नाही, कदाचित मेलेलीच निघेल, पण आज आपल्याला दोन्हीपैकी काहीच माहीत नाही. शेठनी चिमटा पुसून खाली ठेवला.

"म्हंजे मी उगंच वाटप करत बसलू काय?"

"तेही माहीत नाही, शेठ."

"मग बघू या की," ते म्हणाले.

सोमवारी आमच्या डॉक्टरांसमोर उभं राहणं धसईला जाण्यापेक्षा जड गेलं. यकृताच्या दोन कडा दाखवल्या, नथीचं सांगितलं. त्यांनी दोन्ही कडांवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाले, "सही माझी आहे, बाई. मीही यकृत पाहिलं नाही." त्यांनी स्वतः हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून तो रिपोर्ट मागे घेतला. मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता प्रश्न असा, की जन्मभर न थांबलेलं नाक थांबवायचं कसं? नाकाला चिमटा लावला तर शेठ घाबरे होत, ठोके बिघडत. शेवटी साधा उपाय सापडला. तोंड उघडं ठेवायचं. तोंड उघडं असलं की गाल भरता येत नाहीत, आणि गाल भरले नाहीत की त्यांच्या नाकाला कामाची आठवण होत नाही. घरी आठ दिवस सराव. मंगल नाकाखाली कागद धरून आकडे म्हणायची. पहिल्या दिवशी चार, मग सात, मग बारा. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, "ताई, आज तेरा."

दुसऱ्या तपासणीला शेठ आ वासून मशीनमध्ये गेले. या खेपेला मी आधी यकृत पाहिलं. एकच कड, स्वच्छ. आलेख रेषेसारखा सपाट. पण विश्रांतीतल्या फिल्ममध्ये पुढच्या भिंतीवरच्या रेघा सरळ होत्या. अगदी सरळ, पहिल्या वेळेपेक्षाही ठसठशीत सरळ. मंगलनं फोनवर सांगितलेले ते सगळे आकडे आठवले.

औषध सुरू झालं. नर्स आत मॉनिटरपाशी, आमचे आणि हृदयाचे असे दोन्ही डॉक्टर माझ्या मागे उभे. "श्वास घ्या, सोडा, तोंड उघडं, रोखा." मशीन खडखडलं, थांबलं, चित्रं पडद्यावर उतरली. मी माऊसचं टोक एका बिंदूवर धरलं आणि चित्रं भराभर पुढे सरकवली. पहिलं चित्र, दुसरं, तिसरं. सहाव्यात मला वाटलं की हात हलला. सातव्यात कळलं की हात हलला नव्हता. पुढच्या भिंतीच्या मधोमध एक रेघ वाकत होती. आठव्यात तिच्या शेजारचीही. मी यकृत तपासलं, कड एकच. मागे जाऊन पुन्हा तसंच पाहिलं. पुन्हा वाकली. वरचा थोडा भाग सरळच राहिला, तो गेलेला होता. पण खालची सगळी भिंत, हळू का होईना, पिळत होती. माझ्या मागे कोणीतरी जोरात श्वास सोडला.

तेवढ्यात घंटा वाजली. रुग्णाच्या हातात आम्ही एक रबरी फुगा देतो, त्रास झाला तर दाबायचा. औषध चालू होतं, काहीही होऊ शकलं असतं. मी माइकवर झडप घातली. "शेठ! काय होतंय?"

आतून धापा टाकत आवाज आला, "बाई, श्वास घेऊ का आता?"

घ्या म्हणायचं मी विसरले होते. मशीन कधीच थांबलं होतं आणि हा माणूस आ वासून माझ्या शब्दाची वाट बघत पडला होता.

"घ्या, शेठ, घ्या! चुकले मी."

थोडा वेळ नुसता श्वासांचा आवाज. मग, "दिसलं काय?"

आमच्या कामात एक कडक नियम आहे. काय दिसलं ते टेक्निशियननं सांगायचं नाही. रुग्ण विचारतात, रडतात, पाया पडतात, आपण म्हणायचं, डॉक्टर सांगतील. इतक्या वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता.

"दिसलं," मी म्हटलं. "वाकली रेघ. भिंत जिवंत हाय तुमची."

मग शेठ म्हणाले, "मंगलला सांगा. भायेर बसलीय ती."

मी आमच्या डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बोलवा तिला. नियम तर मोडलाच आहे." मी दार उघडलं. मंगल बाकावर नव्हतीच, दाराला टेकून उभी होती. तिला हाताला धरून आत आणलं, काचेतून बापाचे पाय दाखवले, काय दिसलं ते चार शब्दांत सांगितलं आणि माइक तिच्यापुढे केला. म्हटलं, तूच सांग. पदर तोंडाला लावून ती उभी राहिली, आणि शेवटी एकदाची म्हणाली, "बाबा, तुमचं आपरेशन व्हनार हाय!"

आतून मोठमोठ्यानं हसल्याचा आवाज आला. छाती उघडणार हे ऐकून हसणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि त्या हसण्यानं पडद्यावरचा श्वासाचा आलेख पार डोंगरांनी भरून गेला.